आकुंचनाची पट्टी

उद्यमबागेत दुसरी पाळी सुटली
की पॅटर्नशॉपातला एकच दिवा ठेवतो
आणि ट्रेसिंग पेपरवर बाग काढतो.
झाडांची नव्हे. तिकिटाची.
पाळणे, बोगदा, पाण्याच्या घसरगुंड्या,
मच्छ्याच्या पुढं पडीक माळ आहे ना, तिथं.
कुणी सांगितलेलं नाही.
पैसे तर कुणी देणारच नाही.

बाकी सगळं झालं,
तीन आठवडे सिनेमाच्या स्टुडिओवर अडलोय.

स्टुडिओ म्हणजे एक रस्ता.
घरं पुढून भिंत, मागून टेकू.
हे मला जमतं. आमचा पॅटर्न म्हणजे तरी काय,
जी वस्तू अजून नाही
तिचं लाकडी सोंग.
खिडक्या सगळ्या रंगवलेल्या, एक सोडून.
तिच्यातून दर तासाला एक माणूस पडेल
गवताच्या गादीवर, आणि उठून नमस्कार करील.
पावसाचं यंत्र नको, असं कोपऱ्यात लिहून ठेवलंय.
बेळगावात पावसाला तिकीट कोण काढणार?

अडलोय ते पाट्यांवर.
रस्ता म्हटला की दुकान, दुकान म्हटलं की पाटी,
आणि पाटी म्हटली की...
तुम्ही इकडचे असाल तर पुढचं सांगायला नको.
डांबराचा डबा, शिडी, रात्री दोनची जीप.

शेवटी खडेबाजारात दस्तगीर पेंटरकडं गेलो.
टॉकीजचे कटआऊट रंगवलेला माणूस,
आता नंबरप्लेटा करतो
आणि 'खोली भाड्याने देणे आहे'.
हिरोचा डोळा दीड फुटाचा असतोय, म्हणाला,
बुबुळात पांढरा ठिपका विसरला
की हिरो मेलाच.
पाट्यांचं काढलं तसा
ब्रश टर्पेंटाइनमध्ये ढवळत राहिला, बराच वेळ.
"हुका लावा की.
खरा स्टुडिओ तसाच असतोय.
भिंतीला हूक, पाट्या गोडाऊनात.
सकाळी हुबळी पायजे, हुबळी टांगा,
दुपारच्याला सांगली.
चिकटवलं की भांडाण.
टांगलं की शूटिंग."

हूक काढले. दुकानाला चार,
पाटीचं वजन पाच किलो धरून.
गोडाऊन रस्त्यापेक्षा मोठं झालं.
कन्नड पाट्या मशीनशॉपातल्या बसवण्णी होसमनीनं
डब्यातली भाकरी संपवून, हात पुसून लिहून दिल्या.
'ळ' आमच्यातबी हाय, तुमच्यातबी हाय, म्हणाला,
हिंदीवाल्यांच्यात नाही.
आम्ही दोघं उगाचच खूश झालो.

घरी शेवंतानं कागदावर बोट फिरवलं
या टोकापासून त्या टोकापर्यंत.
"आणि बायकांनी जायचं कुठं?"
तीन आठवडे, आणि हे सुचलं नव्हतं.
मग पोलीस स्टेशनच्या मागं
चार भिंती काढल्या, छप्पर, नळ, आतून लागणारी कडी.
त्या सबंध रस्त्यावर
खरं असं तेवढंच.

काल सहज नातवाची शाळेची पट्टी लावली
तेव्हा कळलं: सवयीनं सगळी बाग
मी आकुंचनाच्या पट्टीनं काढलीय.
ओतलेलं लोखंड थंड होताना शंभराला एक आकसतं,
म्हणून आमची पट्टी जाणूनबुजून खोटं बोलते,
प्रत्येक इंच केसभर लांब.
तीस वर्षं मी त्याच खोट्यावर
पंपांची बिनचूक अंगं काढली.

माझा दोनशे फुटांचा रस्ता
दोनशे दोनचा निघाला.
इथं ओतायचं काही नाही, आकसायचंही काही नाही.
रबर घेतला. मग खाली ठेवला.

दोन फुटांत दुकान होत नाही.
दुकान नाही म्हणून हूक नाही.
दस्तगीरचं स्टूल मात्र
नेमकं बसतं.